सातशे अडुसष्ट

पहिला व्हिडिओ टाकला त्याच संध्याकाळी
बाबली खवळ्यांचा जेटीवरून फोन:
"बाय, अक्षरां खय हत? माका तर
जवळो सुकत घातललो दिसता."

अर्ज होडीच्या परवान्याचा. ऑनलाइन.
नऊ पानं, चौकोनात चौकोन.
देवगडात बर्फाच्या कारखान्यामागे माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज.
तेच ते दिवसाला चाळीस वेळा सांगून घसा बसला,
म्हटलं, एकदाच सांगते, स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवते,
बघा आपापल्या घरी, हवं तितक्यांदा.

लॅपटॉप जुना. त्याचा पडदा
तेराशे सहासष्ट गुणिले सातशे अडुसष्ट.
मी हौसेनं व्हिडिओ काढला एक हजार ऐंशीचा.
मोठा आकडा तो चांगला, अशी समजूत.
पण जाळं ताणलं म्हणून मोठं होत नाही,
आस तेवढी रुंदावते
आणि बारीक मासळी खालून निघून जाते.
माझ्या मात्रा गेल्या, अनुस्वार गेले,
"मासे"चं "मास" झालं.

मग बिटरेट वाढवला.
फाइल फुगली किनाऱ्याला लागलेल्या मुशीसारखी.
रात्रभर चढत होती, ऐंशी टक्क्यांवर लाइट गेली.
सेकंदाला साठ फ्रेम ठेवून पाहिल्या,
जसं काही माझ्या अर्जात कुणी सूर मारणार होतं.
अर्ज जागचा हलत नाही.
पंधरा पुरल्या.

आवाजाचं वेगळंच.
बर्फ फोडायचं यंत्र रात्री दीड ते तीन बंद असतं,
तेवढ्यात बोलून घ्यायचं,
पंखा बंद, शटर खाली, घाम नाकाच्या शेंड्यावर,
आणि "आता इथे क्लिक करा" म्हणताना
पाल चुकचुकते, ती स्वच्छ ऐकू येते.

शेवटी दुकान बंद करून जेटीवरच गेले.
बाबलीकाकांनी फोन पुढे केला.
काचेला तीन तडे, एका तड्यात खवला अडकलेला,
वर दुपारचं ऊन, रेंज एक काडी.
व्हिडिओ आपोआप एकशे चव्वेचाळीसवर उतरलेला.
मी मनात हिशोब केला:
साडेदहा लाख ठिपके दुकानातून निघाले,
इथे पोचले सदतीस हजार.
बाकीचे गेले कुठे, कोणाला विचारू?

त्या रात्री सगळं पुन्हा.
खिडकी मोजून बाराशे ऐंशी गुणिले सातशे वीस,
आणि व्हिडिओही तेवढाच, एक ठिपका इकडे तिकडे नाही.
अक्षर दुप्पट.
पडद्यावर एका वेळी एकच चौकोन, बाकी पान बाहेर.
माऊस मोठा, पिवळा, आणि
उगाच भिरभिरायचा नाही. जिथे सांगायचं तिथे
नेऊन ठेवायचा, मनात चारपर्यंत मोजायचं.
(मोजताना मी तिसऱ्यालाच पुढे जाते. सवय.)

तिसऱ्या दिवशी फोन.
"आता बरा दिसता गे. आजयेकव दिसला, चष्म्याबिगर."
मग थोडा वेळ नुसता वारा, इंजिनाची घरघर.
"पण चौथ्या चौकोनात
तू गजलक्ष्मी लिवलंस.
ती होडी तुमी इकलात ना? तुझो बापूस गेल्यावर?"

नमुन्याला काहीतरी भरावं लागतं.
पहिल्या व्हिडिओतही तेच नाव होतं,
त्यांचाच नंबर, त्यांचीच लांबी-रुंदी, सगळं तोंडपाठ.
तेव्हा कुणालाच वाचता आलं नव्हतं.

प्रोग्रॅममध्ये सोय आहे,
हवा तेवढा भाग पुसट करता येतो.
मी चौकोनाभोवती चौकट ओढली,
सातशे वीसमध्ये नाव किती ठसठशीत दिसत होतं,
ग ला ग, क्ष ला क्ष.
चौकट काढून टाकली.

"होय काका, इकली," म्हटलं.
"तुमी तुमच्या होडीचा नाव घाला तिथे.
माझा बघून लिवू नकात."